मागच्या चाकाखालचं लिंबू

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे मला जे येतं ते बरोबर आहे का, हे सांगणारं घरी कुणी नाही. बाबा सातवी शिकलेले. इथे आखातात, मुसफ्फातल्या एका गॅरेजमध्ये ते अकरा वर्षं टायर आणि ऑइल बदलतात. इंजिन तिथे फक्त उस्ताद उघडतो. उस्ताद पेशावरचा, गॅरेज त्याचंच. तो बाबांना प्रेमाने 'भाईजान' म्हणतो, पण इंजिनाला हात लावू देत नाही.

गॅरेजच्या कोपऱ्यात एक स्पोर्ट क्वाड पडून होती. मोटरसायकलसारखी पण चार चाकांची, हलकी, नुसतं पळण्यासाठी बनवलेली. इंजिनात रेती जाऊन ते जाम झालेलं. उस्तादने तिचा नाद सोडला होता. बाबांनी त्याला विचारून सुट्टीच्या दिवशी ते इंजिन खोललं आणि पुन्हा बांधलं. चार रविवार लागले. इंजिन सुरू झालं तेव्हा उस्ताद बराच वेळ मान तिरकी करून ऐकत राहिला.

"आवाज़ तो कोई भी निकाल ले, भाईजान," तो म्हणाला. "स्ट्रिप पे ले जाओ. नौ सेकंड के अंदर आई, तो आगे से इंजन तुम खोलोगे. नहीं आई, तो खलास. टायर."

स्ट्रिप म्हणजे गावाबाहेरचा सरळ डांबरी पट्टा. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की दोनशे मीटर पळतात आणि पलीकडच्या फलकावर वेळ येते. प्रत्येकाला दोन संधी.

चालवणार कोण, हा प्रश्न एका मिनिटात सुटला.

"बेटी, वज़न कितना?" उस्तादने मला विचारलं.

"सत्तेचाळीस."

"बस. राइडर मिल गया."

गॅरेजमागच्या रेतीत मी क्वाड चालवायला शिकले होते, पण ते त्याने विचारलं नाही. इतक्या झटपट माझी कॉलेजात कशासाठीही निवड झालेली नाही.

बाबांनी मात्र वेगळंच विचारलं. "मागच्या स्प्रॉकेटला दात किती ठेवू गो बाय?" स्प्रॉकेट म्हणजे चेन फिरवते ते दातेरी चाक. दात वाढवले की गाडी जागेवरून जोरात सुटते, पण शेवटी वेग कमी पडतो. मी दोन दिवस वही भरली आणि चाळीस म्हटलं.

"नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे हो. असं वाटतं."

बाबांनी चाळीस दातांचं चढवलं. त्यांनी आणखी शंका काढली असती तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी दुपारी माझी पहिली पाळी आली. मी रेषेवर उभी होते. बाबा मागे वाकून चेन बघत होते, निदान मला तसं वाटलं. दिवा हिरवा झाला, मी अंगठ्याने थ्रॉटल दाबला आणि क्वाड पुढे जाण्याऐवजी डावीकडे सरकली. मी घाबरून अंगठा सोडला, तिला सरळ केलं, परत दाबला. फलकावर १०.४ आलं.

परत येताना माझ्या डोक्यात फक्त चाळीस हा आकडा होता. अडतीस ठेवायला हवे होते. बाबांची अकरा वर्षं माझ्या दोन दातांनी घालवली.

उस्ताद तेच म्हणाला. "दाँत ज़्यादा हो गए, बेटी. कॉलेज में यही सिखाते हैं?"

मी "सॉरी" म्हणाले. तेवढ्यात रेषेवरचा स्टार्टर, म्हणजे गाड्या सोडणारा एक वयस्कर अरब गृहस्थ, आमच्याकडे चालत आला. दोन बोटांत त्याने एक चपटं लिंबू धरलं होतं.

"ये किसका है?"

उस्तादने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. बाबा गप्प राहिले असते तर लिंबू कुणाचंच ठरलं नसतं आणि दोष माझ्या चाळीस दातांवरच राहिला असता.

"मेरा है," बाबा म्हणाले.

"खाने का?" उस्तादने विचारलं.

"नहीं. टायर के नीचे रखने का. नज़र नहीं लगती."

"पीछे वाले टायर के नीचे?"

"ज़ोर पीछे है ना," बाबा म्हणाले. त्यांनी यावर विचार केलेला होता.

गॅरेजमधून निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाखाली बाबा लिंबू ठेवतात, हे मला माहीत होतं. उस्तादला नव्हतं.

"ग्यारह साल," तो हळूच म्हणाला. "मैं समझता था तुम्हारा लंच गिरता है."

"हबीबी, यहाँ सलाद नहीं," स्टार्टर म्हणाला, आणि त्याने रेषेवरची ओल स्वतः फडक्याने पुसली.

मी हेल्मेट हातात घेऊन उभी राहिले. "बाबा, अडतीस करूया का?"

"कशाला? तुझं चुकलं नाही. माझं चुकलं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"लिंबू मी ठेवलेलं, गो."

दुसऱ्या वेळी बाबा दहा पावलं मागे, हात पाठीशी धरून उभे राहिले. उस्ताद त्यांच्या हातांकडे बघत होता. दिवा हिरवा झाला. क्वाड सरळ गेली. शेवटच्या काही मीटरमध्ये इंजिन ओरडत होतं आणि वेग वाढत नव्हता, म्हणजे दात खरंच थोडे जास्त असावेत. ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. फलकावर ८.९७ आलं.

उस्तादने वेळेची चिठ्ठी दोनदा वाचली. "यल्ला," म्हणजे चला, एवढंच तो म्हणाला, आणि क्वाड पिकअपवर चढवायला लागला.

सोमवारी लेक्चर संपवून मी गॅरेजमध्ये गेले. लांब खोर फक्कानहून आलेल्या एका गिऱ्हाइकाची क्वाड इंजिन खोलण्यासाठी स्टँडवर होती आणि पान्यांचा डबा बाबांच्या बाजूला होता. उस्ताद दारात चहा पीत होता, बाहेर बघत. बाबा नळाशी गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊ लागले.

गॅरेजमध्ये हात काम झाल्यावर धुतात. बाबांनी पूजेआधी धुवावेत तसे आधीच धुतले. उस्तादने ते पाहिलं आणि चहाचा आणखी एक घोट घेतला. बाबांनी हात पुसले, पहिल्या बोल्टला पाना लावला आणि मला म्हणाले, "तू लिहून घे. कुठला कुठून निघाला."

मी वही उघडली.