लेटमास्तरांची कोरी पट्टी

आमच्या लोणावळ्यात स्टेशनासमोर शिलाईचं दुकान असलेले चाचा स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. शिंप्याचा धंदा बैठा. पण गाडीची वेळ झाली की हे मशीन सोडून दारात! गाडी येईपर्यंत उंबऱ्यापाशी येरझाऱ्या, दर मिनिटाला भिंतीवरच्या घड्याळाकडे मान. गाडी आली की खुंटीवरची कापडी पट्टी काढून तिच्यावर सुईनं टाके घालायचे. तोवर अर्धवट कोट अंगावर चढवलेलं गिऱ्हाईक टाचण्या टोचून घेत तसंच ताटकळे. सगळं गाव त्यांना लेटमास्तर म्हणे.

दर गाडीची एक पट्टी. अस्तराचं उरलेलं कापड, दोन बोटं रुंद. गाडी वेळेवर आली की नुसती गाठ, पाच मिनिटं उशिरा आली की एक टाका, दहा मिनिटांना दोन. रोजची एक ओळ. पावसाळ्याचा दोरा काळा, बाकीचा पांढरा. चाचांना लिहायला फारसं येत नव्हतं, पण पट्टीवरून नुसतं बोट फिरवलं की सांगत, "ही सकाळची गाडी, लय गुणाची. ही संध्याकाळची मात्र लबाड. तीन दिस येळंवर येती आन् चवथ्या दिशी दगा देती." गावातलं कोणी लग्नाला, कोर्टात, दवाखान्यात निघालं की आधी चाचांच्या दुकानात डोकावत असे. स्टेशनवरच्या छापील वेळापत्रकाला चाचा मोजत नसत. म्हणत, "छापलीया ती गाडीची इच्छा. माज्या पट्टीवर तिची खोड हाय."

या सगळ्यामागे काय होतं ते मला आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं. चाचा मूळचे तळेगावजवळच्या उर्शाचे. तरुणपणी लोणावळ्यात काम शिकत असताना आई गेल्याचा निरोप आला. तळेगावपर्यंत गाडीनं, पुढे पायी. पण गाडी आलीच नाही वेळेवर. हा माणूस फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला. उर्शाला पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. आईचं तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून चाचांच्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच.

माझी स्वतःची गोष्ट अशी, की मला पुण्याला नर्सिंग शिकायला जायचं होतं. आणि आबांना माझं लग्न करायचं होतं. मीही काही गप्प बसणारी नव्हे. महिनाभर घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे आबा म्हणाले, "एकदा मुलाखतीला घेऊन जातो. घेतलं तर शीक. नाही घेतलं, तर मी बघितलेल्या मुलासमोर मुकाट्यानं पाटावर बसायचं." मुलाखत शुक्रवारी दुपारी चारला. आबांचं किराणा दुकान बारापर्यंत गजबजलेलं, म्हणून पाऊणच्या गाडीनं जायचं ठरवलं. तीनच्या आत पुणं. मी धावत चाचांकडे गेले. मला फक्त त्यांचा होकार हवा होता.

चाचांनी पाऊणच्या गाडीची पट्टी काढली. बोट फिरवलं. "लय इमानी गाडी. दोन टाक्यांच्या वर जात न्हाई. कंच्या दिशी जायाचं?"

"शुक्रवारी."

बोट थांबलं. चाचांनी पट्टी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. दर सहा ओळींनंतर एक कोरी जागा होती. शुक्रवारी पाऊणला चाचा नमाजाला मशिदीत असत, परतायला दोन वाजत! इतक्या वर्षांत एकाही शुक्रवारी ती गाडी त्यांनी पाहिली नव्हती, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. "जुम्म्याचं मला न्हाई ठावं, पोरी," ते म्हणाले. आवाज पार उतरला होता. "आन् मी तर लोकान्ला बिनधास्त सांगत आलो की!"

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या पडद्याआडून चाची बोलल्या. चाची तिथे बसून बटणांची काजं करीत. "जुम्म्याला ती गाडी धा काजं उशिरा येती."

"काय?"

"बांग झाली की गाडीची येळ. तितनं मी मोजती. कदी नऊ काजं व्हत्यात, कदी अकरा. एका काजाला सा मिंटं तरी लागत्यात."

म्हणजे तासभर! शुक्रवारी घाटात रुळांची कामं निघत, हे कारण पुढे कळलं. चाचांनी कपाळावर हात मारला. "अगं, मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"इचारलं कुनी?" चाची म्हणाल्या, आणि पुढचं काज घेतलं.

मला हसू आवरेना आणि रडूही फुटत होतं. दहाची गाडी धरायला हवी होती, आणि ते आबांच्या गळी उतरवायचं होतं. चाचा मशीन तसंच सोडून माझ्याबरोबर आमच्या दुकानात आले. आबा उसळलेच. "काजं मोजून गाड्या चालतात होय? आणि सकाळी माझ्या दुकानात कोण बसेल?" चाचा म्हणाले, "मी बसतो." मग ते पुढे म्हणाले, "आबा, मी एकदा फलाटावर हुबा ऱ्हायलोय. ह्या पोरीला तितं हुबी ठिवू नगा." आबांनी मान खाली घातली आणि होकार दिला.

आम्ही दहाच्या गाडीनं गेलो. चाचांनी सकाळभर आमच्या दुकानात येरझाऱ्या घातल्या आणि दोघा गिऱ्हाइकांना साखरेऐवजी रवा बांधून दिला. त्या दिवशी पाऊणची गाडी अकरा काजं उशिरा आली. मला प्रवेश मिळाला. पुढच्या शुक्रवारपासून त्या पट्टीवर लाल दोऱ्याच्या ओळी दिसू लागल्या. त्या चाची घालत. चाचांचं समाधान मात्र झालं नाही. पूर्वी शुक्रवारी ज्यांना ज्यांना त्या गाडीनं पाठवलं होतं त्यांना रस्त्यात गाठून ते विचारत, "पोचलावता ना येळंवर?"

पुण्याला राहायला निघाले तेव्हा चाचांनी माझ्या हातात एक पट्टी ठेवली. "ही परतीची. पुन्याहून हिकडं येनारी दुपारची गाडी. आपलं मानूस कवा बोलवील सांगता येत न्हाई." पुढे युद्ध आलं, गाड्यांचा ताळमेळ सुटला, तशी दर चार-सहा महिन्यांनी कुणाबरोबर तरी नवी पट्टी येई. मी हसायचे. पण एकही टाकली नाही.

एके दिवशी सकाळी आबांची तार आली. चाचा गेले. जनाजा दुपारी दोनला निघणार. माझी गाडी लोणावळ्याला दोनलाच पोचणार, तेही छापील वेळेनं. पट्टीवर बोट फिरवलं. चार टाके. वीस मिनिटं. गेलं सगळं, असं म्हणत मी गाडीत बसले. पण बसवतं कुठे! तळेगाव गेलं, कामशेत गेलं, मी दारातच उभी.

स्टेशनातून धावत सुटले. दुकानासमोर माणसं अजून उभी होती. आबा पुढे आले. दोन वाजताच मंडळी उचलायला निघाली होती, म्हणाले. तेव्हा पडद्याआडून चाचींचा आवाज आला होता, "थांबा. पोरगी दुपारच्या गाडीत आसंल. ती गाडी चार काजं उशिरा येती." या वेळीही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आत गेले. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर एक कापडाचा तुकडा, त्यावर चार काजं पुरी आणि पाचवं अर्धं. मला पाहून त्यांनी सुई खाली ठेवली.

चाचांना आईचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. मला चाचांचं मिळालं.