लाल फुलीखालचं गाव

मंडळी, आज दुपारी पवनीला मुलीच्या इंग्रजी क्लासमध्ये जाऊन आलो. तेव्हापासून डोकं ठणकतंय.

काल सरांनी ‘रिकव्हर’ शब्दावर वाक्य लिहायला सांगितलं. पोरीनं लिहिलं, माझ्या आजीला तिचं गाव रिकव्हर करता आलं नाही. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. सरांनी लाल फुली मारली आणि वर्गासमोर विचारलं, "गाव काय बिमार पडते का?" सगळे हसले. आता पोरगी क्लासला जायला तयार नाही.

मी शब्दकोश घेऊनच गेलो. त्याच्याच जोरावर मी एकट्यानं इंग्रजी शिकलोय. सांगितलं, रिकव्हर म्हणजे परत मिळवणंसुद्धा; चोरीची गाडी पोलीस रिकव्हर करतात, उडालेले फोटो मोबाइलवाला करतो. सरांनी पानाकडे पाहिलंही नाही.

"काका, गाइडमध्ये एकच अर्थ आहे, बरं होणं. कायले डोकं खाऊन राहिले?"

गाइडपलीकडे न पाहणारा हा माणूस भाषा शिकवतो म्हणे.

घरी येऊन ते वाक्य आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच लिवलं पोरीनं. मले कुठी भेटलं माहं गाव?"

पोरीनं ते ऐकलं आणि फुलीखाली तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

तुमच्या पोरांच्या वहीतल्या लाल फुल्या तुम्ही कधी वाचता का?