अकरा वर्षांची कोरी स्टेपनी

ती घटना आठवली की आजही मला आधी माझीच चूक आठवते. तेव्हा मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यातल्या भर दुपारी आजऱ्याकडून येणारी एक मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली. पुढे बसलेले साठीचे गृहस्थ जागीच गेले. चालक किरकोळ जखमांवर वाचला. गाडी मयताच्या धाकट्या भावाची. चालक मुरगूडचा, रोजावर गाडी चालवणारा.

पंचनामा मी स्वतः लिहिला. पुढचा डावा टायर फुटला होता, पण त्याची नक्षी खोल आणि रंग काळाभोर. 'चारही टायर सुस्थितीत' असं बिनदिक्कत ठोकून दिलं. टायर चांगले म्हणजे दोष वेगाचा, विषय संपला. धाकट्या भावाची फिर्यादही तशीच होती. चालकानं गाडी बेदरकार हाणली आणि माझा थोरला भाऊ मारला, असं त्यानं लिहून दिलं.

चालकाला मी दोनदा समोर बसवलं. त्याचं एकच म्हणणं: वेग साठच्या वर नव्हता, आवाज झाला आणि गाडी डावीकडं ओढली. अहो, अपघात केलेला कोणता चालक स्वतःहून शंभर सांगतो? मला तरी कधी भेटला नाही. त्याला जामीन मिळाला, पण मुरगुडात कुणी त्याच्या हाती किल्ली देईना. शिक्षा झाली तर परवानाही जाणार होता, आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. हे सगळं तो मान खाली घालून सांगायचा. मला तो बनेल वाटला, हे कबूल करतो.

जप्त केलेली मोटार ठाण्याच्या आवारात उभी होती. एके दिवशी पेठ वडगावचा एक टायरवाला स्वतःची पकडलेली दुचाकी सोडवायला आला. कागद तयार होईपर्यंत फिरत फिरत तो मोटारीपाशी उकिडवा बसला, तो उठेचना. हवालदारानं हटकलं, तर म्हणाला, साहेबांना बोलवा. मी तावातच बाहेर गेलो.

"साहेब, ह्यो टायर नवा न्हाय. न वापरलेला हाय," तो म्हणाला. "दोन्हीत लई फरक हाय की."

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, टायर कारखान्यात तयार झाल्याचं. नोकरीत इतके टायर पंचनाम्यात लिहिले, पण ते आकडे मी कधी वाचले नव्हते. फुटलेला टायर अकरा वर्षांचा निघाला, बाकीचे तिन्ही तीन वर्षांचे. त्याच्या अंगावर केसासारख्या बारीक भेगा होत्या आणि आतल्या बाजूच्या अक्षरांत कुंकू अडकलं होतं. टायर पळून झिजतो तसा बसूनही म्हातारा होतो आणि तापल्या रस्त्यावर दगा देतो, हे त्यानं मला शाळेतल्या मास्तरासारखं समजावलं. मला स्वतःची लाज वाटली.

न वापरलेला टायर स्टेपनीचाच असणार आणि कुंकू घरच्या पूजेचं, म्हणून मी फिर्यादीला बोलावून घेतलं. चहा दिला आणि सहज स्टेपनीचा विषय काढला. चौकशीत माणूस लपवतो, हा तर कौतुकानं सांगू लागला. गाडीबरोबर आलेली स्टेपनी त्यानं कधी जमिनीला लावलीच नव्हती. दर खंडेनवमीला ती बाहेर काढायची, खोबरेल तेल चोळून चकचकीत करायची, हळदकुंकू वाहायचं आणि परत ठेवून द्यायची. आजऱ्याला जायच्या आदल्या दिवशी पुढच्या टायरला चीर दिसली. थोरल्याच्या जिवाला घोर नको म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं ती कोरी स्टेपनी तिथं चढवली.

मी आकड्यांचा फोटो पुढे ठेवला आणि अर्थ सांगितला. त्यानं हातातला चहा खाली ठेवला. मग विचारलं, "वहिनीला न सांगता मिटंल का हे?"

"मिटेल," मी म्हणालो. "पण मग तो चालक आयुष्यभर खुनीच राहील."

तो उठून निघून गेला. वाहन निरीक्षकांचा अहवाल आला. त्यांनीही टायरलाच दोष दिला. मी पुरवणी पंचनामा केला आणि आधीच्या पंचनाम्यातली चूक माझी आहे हे त्यात नोंदवलं.

आज लोक मला टायर कधी बदलायचा ते विचारतात. नक्षी झिजली, फुगवटा आला, भेगा दिसल्या तर थांबू नका. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्याला दाखवा. दहा झाली की गपगुमान काढून टाका, मग तो कितीही कोरा दिसो. स्टेपनीलाही हेच लागू. पण मला या प्रकरणानं वेगळंच शिकवलं. दोषी शोधायची पोलिसाला घाई असते, दुःखातल्या घराला त्याहून जास्त. या दोन घाया एकत्र आल्या की मधे तिसराच गरीब भरडला जातो.

पुरवणी पंचनामा झाल्यावर दोन दिवसांनी तो धाकटा भाऊ पुन्हा आला होता, वहिनीला घेऊन. त्यानं घरी सगळं सांगितलं होतं. ती माउली माझ्यासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "ड्रायव्हरचं नाव काढा, साहेब. आणि भावजींचं घालू नका. ह्यांच्या काळजीनंच लावला त्यांनी त्यो टायर."

तिचं बोलणं मी जबाबात जसंच्या तसं घेतलं. त्याच कागदावर टायर कुणी चढवला तेही लिहावं लागलं. सही करताना तिनं ते नाव वाचलं, आणि सही केली.