चेंबरचा नट आन मोडनिंबचं स्थळ

गाडीच्या कामात माझा हात धरनारा सोलापुरात कोन न्हाय. कुनी धरला असता तर बरं झालं असतं, सासऱ्याच्या गाडीचा चेंबर तरी वाचला असता.

मेव्हनीसाठी मोडनिंबचं स्थळ आलतं. पोरगी पसंत पडली हुती, आता आमी पोराचं घर बगायला जायचं, दुपारच्या जेवनाला. पयल्याच भेटीला उशीर नको, ह्याची सासऱ्याला लई धास्ती. मी सकाळीच म्हनलो, "मामा, लांब जायाचंय, गाडीचं ऑइल मी बदलतो की! गॅरेजला कशाला?"

जुनं ऑइल काडलं. चेंबरच्या, म्हंजी इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, खालचा नट परत लावला, चांगला घट्ट बसला. पर माझं समाधान हुईना. पान्याला बोरचा पाइप घातला आन लोंबकाळलो. कटकन आवाज आला. म्हनलं, आता बसला! कशाचा बसतोय, आटे गेल्ते. नट नुसता गोल गोल फिरायला लागला.

सासरवाडी यंत्रमागवाल्यांची, घरात सुताला तोटा न्हाय. नळाला गुंडाळतेत तसं नटाला सूत गुंडाळलं, वरनं कपड्याचा साबन फासला आन नवीन ऑइल वतलं. ऑइल सुतावरनं टिप टिप खाली. सासूबाईंनी वाकून बगितलं.

"जावईबापू, ही तर समईची वात झाली. काडी वडू का?"

सासऱ्यांनी मुकाट्यानं गॅरेजवाल्याला आनलं. त्यानं नवीन आटे पाडले, एक साइज मोठा नट बसवला, परत ऑइल भरलं. तवर आमी सगळे इस्त्रीच्या कपड्यात गाडीभवती हुबं. गाडीलाच बगायला आल्यागत.

मोडनिंबला पोचलो तवा आमटीवर साय धरली हुती. पोराचा बाप गाल फुगवून बसल्याला. जेवता जेवता त्यानं तेवढं इचारलं, "थोरले जावई काय करत्यात?"

मी ताठ बसलो. काळी नखं पुरनपोळीखाली लपवली.

सासऱ्यांनी माझ्याकडं बगितलंबी न्हाय. म्हनले, "काय करत न्हाईत तवाच बरं अस्तंय. तुमच्या गाडीची चावी जरा आत ठिवा."