भाऊंचा पाव्हणा

आमच्या धुळ्याच्या गल्लीतले भाऊ हसायच्या आधी हात जांघेवर ठेवत. शिंकायच्या आधीही. त्यामुळे त्यांना हसू येणार हे आम्हाला आधीच कळायचं. तिथं हर्नियाचा लिंबाएवढा फुगवटा होता. तो वर आला की भाऊ म्हणत, "पाव्हना उना," आणि बोटांनी दाबून त्याला आत धाडत. ऑपरेशनचं नाव काढलं, की भाऊंना नेमकं शेतात काम आठवे.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली, की भाजलेली वांगी ठेचायचा मान त्यांचाच. एका हातात मुसळ, दुसरा पाव्हण्यावर. एकदा ठेचता ठेचता पाव्हणा आला, तो परत जाईना. भाऊ घामाघूम झाले, उलट्या सुरू झाल्या. ट्रॅक्टरवरूनच दवाखाना गाठला.

"आतडं अडकलंय," डॉक्टर चिडले. "पोटाची भिंत सैल पडली की शिवावीच लागते. रोज आत ढकलून ती घट्ट होते होय?"

त्याच संध्याकाळी ती शिवली.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ नुसते शेकोटीशी बसले होते. कुणीतरी चावट बोललं आणि त्यांचा हात जांघेवर गेला.

"भाऊ, आता काय आहे तिथं?"

"काहीच नही रे. पाव्हना गया, पन दार लोटानी सवय जात नही."