चाकांवरचा उंबरा

"वापरलंस? मग आधी बांध."

चहाचा शेवटचा घोट अजून घशात असायचा आणि समोरून हे वाक्य यायचं. हातातला कप काढून घेतला जायचा, धुतला जायचा, पुसला जायचा, आणि फळीवरच्या त्याच्या ठरलेल्या खाचेत बसवून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणली जायची. मगच काका पुढचं बोलायचे. गप्पा अर्ध्यावर टाकून यजमान असा कपाला जेरबंद करायला उठला, की पाहुण्यानं काय समजावं? मला राग यायचा. मला राग पटकन येतो हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही पुढे कळेलच.

रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाताना रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. मागे आमचं घर, आणि दोन्हींच्या मध्ये मोठं अंगण. या अंगणात काका राहायचे, नात्यातले नव्हेत, पण सगळी वाडी त्यांना काकाच म्हणायची. घरात नव्हे, गाडीत. गाडी म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढायची ती कॅराव्हॅन. आत झोपायची फळी, ओटा, कपाटं, सगळं असतं. एका हौशी माणसानं पर्यटकांसाठी ती आणली होती. एका मोसमात त्याची हौस फिटली आणि गाडी माझ्या गॅरेजात गंजत पडली. काकांनी ती विकत घेतली आणि मला विचारलं, "हयच ठेवली तर चालंल?" मी म्हटलं, ठेवा. अंगण माझं आणि मुंबईत राहणाऱ्या थोरल्या भावाचं सामाईक आहे, पण तो येणार मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला. त्याला काय विचारायचं!

काका मूळचे नाटे गावचे. उभा जन्म मालवाहू बोटींवर आचारी म्हणून गेलेला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नोकरी संपवून गावी परत आले तेव्हा, त्यांनीच उभ्या केलेल्या घरात पुतण्यांनी त्यांची खाट पडवीत टाकली होती. काकांनी बॅग खालीसुद्धा ठेवली नाही. तसेच मागे फिरले. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा नाही. माझा चढायचा. मी त्या पुतण्यांना कधी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या नावानं मी ज्या शिव्या दिल्या आहेत त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

तर या गाडीत सुटं असं काही नसायचं. जड सामान खाली, हलकं वर. तांदळाचा डबा मधोमध, चाकांच्या वर. तेलाची बाटली जुन्या मोज्यात आणि मोजा खुंटीला. गॅसचा सिलिंडर साखळीनं कोपऱ्यात. कपाटांना आतून जाळ्याचे तुकडे लावलेले, म्हणजे दार उघडलं तरी डबा अंगावर येणार नाही. दाढीचा आरसा चादरीत गुंडाळून गादीखाली. रोज सकाळी तो काढायचा, दाढी करायची, परत गुंडाळायचा. कॅलेंडर दोऱ्यावर लटकलं तर हलेल, म्हणून त्यांनी त्याला चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले होते. त्यामुळे पान उलटता येत नसे. त्यांच्याकडे कायम जानेवारी असायचा. आज तारीख काय, हे विचारायला ते गॅरेजात यायचे, आणि आल्यासारखे माझे नटबोल्टचे पाने दोरीनं ओवून ठेवायचे. गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि मला पाना हवा तर आधी गाठ सोडायची! आमची भांडणं रस्त्यापलीकडे ऐकू जायची.

"काका, अहो गाडी उभी आहे. चाकांखाली दगड आहेत. कशाला बांधताय सगळं?"

"बोटपण बंदरात उभीच असते रे."

"पण ही कुठे जाणार आहे का?"

"उठ म्हणणारा आदी सांगून येत नाय," काका म्हणायचे आणि साखरेच्या डब्याला दोरी आवळायचे.

मी जास्तच चिडायचो.

माझ्या बायकोनं एकदा त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी नेऊन दिली. काकांनी ती हातात फिरवून पाहिली, आत एक नजर टाकली आणि परत दिली. "सूनबाय, जागा नाय." बायको घरी येऊन भांडी आपटत बसली. एवढ्या मायेनं घातलेलं लोणचं आणि म्हणे जागा नाय! मीही गेलो तावातावानं. काका फळीवर पेन्सिलनं गोल आखत बसले होते. चार दिवसांनी स्वतः आमच्या दारात आले. "ती बरणी देतंस का? तिची जागा झाली." फळीला बरणीच्या बुडाएवढी खाच पाडून त्यांनी आत काथ्या बसवला होता. बायकोचा राग तिथल्या तिथे विरघळला. माझ्या लक्षात आलं की हा माणूस कुठलीही वस्तू नुसती घेत नाही. तिला आधी घर देतो. ज्याला स्वतःच्या घरात खाटेपुरती जागा मिळाली नाही, तो लोणच्याच्या बरणीसाठी फळी कोरत बसतो, हे पाहून मला गलबलून आलं. तसं मी कुणाला दाखवलं नाही.

मग शिमगा आला, काका आल्यानंतरचा पहिला.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते हे तुम्हाला सांगायला नको. अंगण सारवायचं, रांगोळी काढायची, देवीची ओटी भरायची, गावकरी पालखी खांद्यावर घेऊन ढोलताशांवर नाचवतात, मानकरी घराच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालतात. पालखी ज्याच्या दारात येते त्याचं ते घर. एरवी कोणी कितीही माड्या चढवोत.

काकांनी मानकऱ्यांना गाठून विचारलं, "माज्या दारात येईल काय पालखी?"

मानकरी म्हातारे, सरळ माणूस. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. "याला उंबरा कुठाय? उंबरा नाय ते घर कसं म्हणायचं?"

झालं. काकांनी फणसाची फळी मिळवली, तासली, रंधा मारला आणि गाडीच्या दारात बसवली. चाकांवरच्या गाडीला उंबरा! वाडीतली पोरं हसली. मीही हसलो. मानकरी परत आले, उंबऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "येईल."

त्यानंतर काकांनी जे केलं ते पाहून मला खरं तर पेढे वाटावेसे वाटले. त्यांनी दोऱ्या सोडल्या. एकेक करून सगळ्या. ट्यूबच्या पट्ट्या काढल्या, जाळी काढली, कॅलेंडरचे खालचे खिळे उपसले आणि दोन महिने एकदम उलटून मार्च आणला. गादीखालचा आरसा भिंतीला आला. मोठी समई मधोमध उभी राहिली. ट्रंकेतून त्यांनी चिनी मातीच्या बशा काढल्या, बंदराबंदरांवर घेतलेल्या, एक निळी, एक मोरपंखी, एकीवर बारीक गुलाब. आपल्या बायकोला दाखवायच्या म्हणून घेतलेल्या. निम्म्या ती असताना, निम्म्या ती गेल्यावर. त्या त्यांनी फळीवर भिंतीला टेकून ओळीनं मांडल्या, आणि मधे तिचा फोटो.

"बांधलेलं नाय काही आज," मी मुद्दाम म्हटलं.

"पालखीचा दिवस हाय," काका म्हणाले. "देवी येणार ती घरात येणार. सामानाच्या खोलीत कशी येईल?"

मुंबईहून भाऊ आदल्या संध्याकाळी आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "हा खोका इथे असताना पालखी नाचवायची कुठे?" मी म्हटलं, "आहे त्या जागेत. दर वर्षी काय मैदान लागतं?" तो बॅग उचलून घरात गेला. मला वाटलं विषय संपला.

सकाळी मी आणि काका फुलं, नारळ, केळी आणायला रत्नागिरीच्या बाजारात गेलो. काकांनी ओटीसाठी खण स्वतः निवडला, दुकानदाराला चार वेळा रंग बदलायला लावून. परत आलो तर अंगण रिकामं. शेणानं सारवायला घेतलेलं. गाडी रस्त्याच्या कडेला, गटारापलीकडे, एका अंगाला कललेली. भावानं चुलतभावाचा ट्रॅक्टर जोडून ती गॅरेजच्या बाजूच्या कातळावरून ओढत नेली होती. आमचा तो कातळ मी चालून ओळखतो. त्यावरून रिकामी बादली नेली तरी वाजते.

काकांनी दार उघडलं. उंबऱ्यावरून बशांचे तुकडे खळकन रस्त्यावर आले. आत समई आरशात घुसली होती. लोणच्याचा खार फोटोवरून ओघळत होता. मी आत पाय टाकणार तर काकांनी हात आडवा धरला. "तू भायेर थांब." आणि दार लावून घेतलं.

मी घरात गेलो. काय काय बोललो ते मला आठवत नाही. बायको सांगते की मी भावाच्या शर्टाला धरलं होतं आणि वहिनी रडायला लागली होती. भावाचं उत्तर मात्र मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"ओरडतोस काय? बाहेरून एक ओरखडा नाही गाडीला. पालखी गेली की संध्याकाळी परत आणून लावू. आणि मला काय माहीत आत सुटं आहे? तूच फोनवर सांगायचास ना, म्हातारा सगळं बांधून ठेवतो म्हणून!"

याला काय म्हणणार तुम्ही? देवी येणार म्हणून अंगण झाडायचं, आणि झाडताना एका माणसाचं घरच झाडून टाकायचं. त्यात त्याला काही वावगंही वाटत नव्हतं! उलट आपण देवीसाठी राबलो याचं समाधान होतं तोंडावर. वाडीतल्या एकानंही ट्रॅक्टर अडवला नव्हता. सगळे म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही घरच्या घरी ठरवलं असेल.

उन्हं कलली तशी पालखी आली. ढोल वाजले, अंगणभर नाचली, भावाला हवी होती तेवढी जागा मिळाली. आमचं गाऱ्हाणं झालं, ओटी झाली. पुढच्या घरापर्यंत पालखीला खांदा द्यायचा मान आमचा, म्हणून मी दांडीखाली गेलो. रस्त्याला लागलो. डाव्या हाताला ती कललेली गाडी, दार बंद. मानकऱ्यांनी नजर वळवली. रस्त्यावर पालखी थांबत नाही, आणि हे घर आता रस्त्यावर होतं.

मी पाय रोवले.

मागचे ढकलत होते, पुढचे ओढत होते. मी हललो नाही. "जड झाली! देवी जड झाली! तिला हयच थांबायचंय!" कोणीतरी ओरडलं, ताशा दुप्पट वाजायला लागला, बायकांनी हात जोडले. मानकऱ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. त्यांना सगळं कळलं. पण त्यांनी हात वर केला, वाद्यं थांबवली आणि बंद दारासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"हे आई महाराजा, हा तुजा लेकरू परगावचा, पण तुज्या पायाशी राहिलेला, त्याच्या घराक सांभाळ महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी म्हणाली. माझा भाऊ सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. दांडी माझ्या खांद्यावर नसती तर मी त्याला तिथेच लोळवला असता.

दार उघडलं नाही. आतून आवाज येत होता, दोरी कडीतून ओढून घेतल्याचा. माझी बायको दाराशी गेली. "काका, देवी थांबलीय. खण घेऊन या."

दोरीचा आवाज थांबला. मग काका बोलले. रागानं नाही. वाटेत चुकलेल्या माणसाला पत्ता सांगावा तसं.

"पुढं न्या. हय कोण ऱ्हात नाय."

मी पाय उचलला. खांद्यावरची पालखी एवढी हलकी मला कधी लागली नव्हती, आणि आयुष्यात तेवढं लाजिरवाणं ओझंही मी कधी वाहिलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ ट्रॅक्टर घेऊन गेला, गाडी परत आणायला. काकांनी आतून कडी काढली नाही. मी गेलो, मलाही काढली नाही. सकाळी गटारापलीकडे गवत दबलेलं होतं, बाकी काही नव्हतं. हातखंब्याच्या टपरीवाल्यानं सांगितलं की भल्या पहाटे एका टेंपोमागे ती गाडी गेली आणि रस्ता एवढा खराब असून आतून काडीचा आवाज येत नव्हता. फुटलेल्या बशांचे तुकडेसुद्धा बांधून घेतले असणार. मी त्यांच्या गावी, नाट्याला, जाऊन आलो. तिथे ते आले नव्हते, आणि पुतण्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. हर्णेच्या बंदरात तशी गाडी पाहिल्याचं कोणी म्हणालं, तिकडेही गेलो. ती दुसऱ्याच कोणाची निघाली.

परवा भावाचा फोन आला. या शिमग्याला दोन दिवस आधी येतोय म्हणाला. मग विचारलं, "पालखीसाठी अंगण मोकळं आहे ना रे?"

"आहे," मी म्हटलं. "तू केलंस तेव्हापासून मोकळंच आहे."

"बरं झालं," तो म्हणाला.