सर्व पुरुष शिक्षकांनी

आमच्या शाळेत सूचना अजून जुन्याच थाटात निघते: 'सर्व पुरुष शिक्षकांनी मधल्या सुट्टीत मैदानावर हजर राहावे.' ती घेऊन शिपाईमावशी जिना चढतात, दहावीच्या वर्गात जातात आणि गणिताच्या सरांपुढे धरतात. सर सही करतात. झाली सर्व पुरुष शिक्षकांची सही. माध्यमिक विभागात पुरुष म्हणून आता एवढाच ऐवज शिल्लक आहे. मागे मुले त्यांना 'पुरुषवर्ग' म्हणतात. पुढे 'सर' म्हणतात, पण तोंडावरचे हसू लपत नाही.

सर नोकरीला लागले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बसायला खुर्ची मिळत नसे. दोनच बाई होत्या, त्या सिगारेटच्या धुराला कंटाळून ग्रंथालयात बसत. मग हळूहळू गळती लागली. भूगोलाचे सर निवृत्त झाले. विज्ञानाचे सर खासगी क्लासात गेले. आता त्यांचा हसरा फोटो बसच्या पाठीवर असतो. कवायतीच्या सरांनी विम्याचा धंदा धरला आणि पहिली पॉलिसी गणिताच्या सरांच्याच गळ्यात मारली. प्रत्येक वेळी जाहिरात निघे, आणि मुलाखतीच्या बाकावर सगळ्या मुलीच बसलेल्या असत. मुलगा शिक्षक आहे म्हटल्यावर सोयरीक घेऊन आलेले लोक "बरं, आणि आणखी काय करतो?" असे विचारू लागले होते, मग कोण कशाला त्या बाकावर बसतो? सरांच्या सख्ख्या मुलाने तर स्पष्टच सांगितले, "बाबा, तुम्हाला बघूनच मला नको वाटलं." सर रागावलेही असते, पण तेवढ्यात त्यांना खुर्चीतच डुलकी लागली.

माणसे कमी झाली, कामे मात्र तेवढीच राहिली. मिसरूड फुटलेल्या मुलांना दटावणे, मुलांच्या स्वच्छतागृहात कोण काय उद्योग करतो ते पाहणे, सहलीच्या बसमध्ये मागच्या बाकावर आदळत बसणे, पंख्याजवळ घुसलेली चिमणी बाहेर काढणे आणि शिक्षकांच्या खोलीतले कपाट हलवणे. कपाट तर दर दोन-तीन महिन्यांनी हलतेच. ते कुठे ठेवावे यावर शाळेत कधी एकमत झालेले नाही. सूचनेच्या शेवटी ठरलेले वाक्य असते: 'कामे आपापसांत वाटून घ्यावीत.' सर आपापसांत वाटून घेतात. घरी गेल्यावर बायको बरणीचे झाकण उघडायला देते, तर सर म्हणतात, "उद्या दे. आजचा पुरुषवर्ग संपला."

या वर्षअखेरीस सर निवृत्त होणार. त्यांना निरोपाची शाल नको होती, भाषणे तर नकोच नको. त्यांना वर्तुळाचे प्रमेय एकदा, एका तासात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवायचे होते. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिकांची लांबी सारखी का असते, एवढेच. सर कंपास न घेता, खांद्यातून हात फिरवून फळ्यावर वर्तुळ काढतात. बघत राहावे असे. पण यंदा प्रत्येक वेळी वर्तुळ निम्मे झाले की दारात मावशी. "सर, खाली मारामारी लागलीय." "सर, नळ तुटलाय." परत येईपर्यंत तास संपलेला. फळ्यावर अर्धे वर्तुळ, आणि मुले दप्तरे भरतायत.

त्या दिवशी खडू फळ्याला टेकतो न टेकतो तोच मावशी आल्या. सूचना अशी: 'सर्व पुरुष शिक्षकांनी आत्ता खाली येऊन कपाट हलवावे. कोण येणार ते आपापसांत ठरवून कळवावे.'

सरांनी ती दोनदा वाचली. मग खडू ठेवला, हात झटकले आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

"काय झालं हो सर?" मावशी घाबरल्या.

"थांबा जरा. पुरुष शिक्षकांची बैठक चालू आहे."

थोड्या वेळाने सर वळले. "एकमताने ठरलंय. कोणी येणार नाही. असंच सांगा."

"मोठ्या बाई विचारतील, कोणी ठरवलं?"

"सर्व पुरुष शिक्षकांनी."

मावशी पदर तोंडाला लावून जिना उतरल्या. सरांनी वर्तुळ काढले, पूर्ण. बाहेर बिंदू दिला, स्पर्शिका ओढल्या, केंद्र जोडले. प्रत्येक पायरीला त्यांचा कान दाराकडे जाई, हात थांबे. पुढच्या बाकावरची मुलगी शेवटी म्हणाली, "सर, कोणी नाही आलं. पुढे सांगा ना." मग दोन काटकोन त्रिकोण झाले, त्रिज्या सारख्या, कर्ण एकच, म्हणून त्रिकोण एकरूप, म्हणून स्पर्शिका सारख्या. तास संपायला अजून वेळ होता. पुढे काय करायचे ते सरांना सुचेना. त्यांनी तेच प्रमेय पुन्हा एकदा शिकवले.

तास संपल्यावर बोलणी खायच्या तयारीने सर खाली आले. कपाट नव्या जागी उभे होते. मुख्याध्यापिका आणि इतिहासाच्या बाई चहा पीत होत्या.

"कोणी हलवलं?"

"आम्हीच. खण काढून ठेवले, की हलकं होतं," इतिहासाच्या बाई म्हणाल्या.

"खण निघतात?"

"अगबाई! म्हणजे इतकी वर्षं तुम्ही भरल्या खणांसकट ढकलत होतात?"

सर खुर्चीत बसले. "मग मला बोलवत का होतात हो?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. "सूचनाच तशी निघायची ना सर," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्या आधीपासून. आणि तुम्ही कधी नाही म्हणालाच नाहीत." त्यांनी चहाचा कप सरांपुढे सरकवला.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दहावीचे दोन दांडगोबा एकमेकांची कॉलर धरून भिडले होते. सवयीने सगळे सरांकडे बघू लागले आणि सवयीने सरही उठू लागले. इतिहासाच्या बाईंनी कप ठेवला आणि पदर खोचला.

"बसा तुम्ही. बैठक चालू आहे ना तुमची?"

सर बसले. बैठक आणखी थोडी लांबवायला कोणाचीच हरकत नव्हती.